'रोबो'चे जन्मदाते : कारेल चापेक

वर्कशॉपपासून सिनेमापर्यंत 'रोबो' हा शब्द आपण रोज ऐकतो. मराठीत त्याला 'यंत्रमानव' म्हणतात. पण मूळ शब्दात ना यंत्र आहे, ना मानव! तो जगासमोर आणला कारेल चापेक या झेक लेखकाने.

चापेक यांचा जन्म ९ जानेवारी १८९० रोजी बोहेमियातल्या एका छोट्या गावात झाला. वडील डॉक्टर. मणक्याच्या आजारामुळे पहिल्या महायुद्धात त्यांना सैन्यात घेतले नाही. प्रागमध्ये तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवून पुढे ते पत्रकार झाले.

१९२० मध्ये त्यांचे 'आर.यू.आर.' हे नाटक प्रसिद्ध झाले. त्यात एक फॅक्टरी हुबेहूब माणसासारखे दिसणारे कामगार बनवून विकते. त्यांना नाव काय द्यायचं? सुचलेलं नाव फारच पुस्तकी वाटत होतं. मोठे भाऊ योसेफ चित्रकार. तोंडात ब्रश धरून चित्र काढता काढताच त्यांनी 'रोबोट' सुचवलं. शब्द जगभर गाजला तरी कारेल यांनी श्रेय लाटले नाही. १९३३ मध्ये वर्तमानपत्रात लिहून त्यांनी ते भावाला देऊन टाकले.

झेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराच्या शेतात कुळाने फुकट राबणे. म्हणजे आपली वेठबिगारीच की! आपल्या नायगावच्या जुन्या माणसांना 'वेठ' शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. बोहेमियात ही वेठ १८४८ मध्ये बंद झाली. भारतात वेठबिगारीविरुद्ध कायदा व्हायला १९७६ साल उजाडले.

नाटकातले रोबो लोखंडाचे नाहीत, रसायनांपासून घडवलेले आहेत. आज त्यांना अँड्रॉइड म्हणू. या ग्रीक शब्दाचा अर्थ, माणसासारखा. शेवटी हे रोबो बंड करतात आणि माणसांना संपवतात. जिवंत ठेवतात फक्त एकाला, कंपनीच्या बांधकामप्रमुखाला. कारण तो त्यांच्यासारखाच स्वतःच्या हातांनी काम करतो!

हिटलरविरुद्ध निर्भीडपणे लिहिणारे कारेल २५ डिसेंबर १९३८ रोजी न्यूमोनियाने गेले. काही महिन्यांतच नाझी प्रागमध्ये शिरले. 'रोबोट' सुचवणारे योसेफ १९४५ मध्ये बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत मरण पावले.

आपण उद्याचे इंजिनिअर. मोटर, सेन्सर जोडून रोबो उभा करू, तो चालेलही. पण त्याच्या नावातच वेठीला धरलेला माणूस उभा आहे. आपले यंत्र त्याची वेठ सोडवणार की नवा जमीनदार तयार करणार, हे डिझाइन करतानाच ठरवायला हवं.