कवडशातलं सोनं पाहणारे झिग्मोंडी

कोरोनाच्या घरगुती टेस्ट किटवरची ती लालसर रेघ आठवते? बहुतेक किटमध्ये तो रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. सोनं लाल कसं दिसतं, या प्रश्नामागे एका माणसाने अख्खं आयुष्य घातलं. त्यांचं नाव रिचर्ड झिग्मोंडी.

१ एप्रिल १८६५ रोजी व्हिएन्नात जन्म. वडील दातांचे डॉक्टर. रिचर्ड १५ वर्षांचे असताना ते वारले. रसायनशास्त्र शिकून १८९७ मध्ये ते जर्मनीत येनाच्या शॉट काच कारखान्यात लागले. सोन्याने काच आणि पाणी लाल होतं हे ठाऊक होतं. पण त्यात सोन्याचे सुटे कण असतात की वेगळंच संयुग, यावर वाद होता. साध्या सूक्ष्मदर्शकात काहीच दिसेना.

१९०० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पुढची सात वर्षं पद नाही, फक्त संशोधन. त्याच काळात झाइस कंपनीतल्या हेन्री झीडेनटोप्फ यांच्याबरोबर त्यांनी अल्ट्रामायक्रोस्कोप बनवला. युक्ती आपल्या घरातलीच. कौलातून कवडसा आला की एरवी न दिसणारी धूळ चमकते ना, तसंच. बारीक फटीतून द्रावणात आडवा प्रकाश सोडायचा आणि वरून बघायचं. काळ्या पार्श्वभूमीवर सोन्याचे कण ठिपक्यांसारखे नाचताना दिसले! १० नॅनोमीटरहून लहान कणही त्यात पकडता आले.

कणाचा आकार मात्र कळत नव्हता, दिसायचा तो नुसता ठिपका. मग त्यांनी हिशोब मांडला. द्रावणात सोनं किती वजनाचं ते माहीत, कण मोजले. भागाकार केला की एका कणाचं वजन, त्यावरून आकारमान.

द्रावणात मीठ टाकलं की कण एकमेकांना चिकटतात आणि लाल रंग निळा होतो. आधी थोडं जिलेटिन घातलं तर कण सुटे राहतात. कण कधी जुळतात, कधी नाही, हे आता डोळ्यांसमोर तपासता येऊ लागलं.

१९०७ मध्ये गटिंगेन विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक म्हणून बोलावलं. १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. फेब्रुवारी १९२९ मध्ये निवृत्त झाले आणि सप्टेंबरमध्ये गेले. विश्रांती जेमतेम सात महिने.

आज द्रावणातले नॅनोकण बघायला लेझर आणि कॅमेरा लावतात. पण प्रकाश आडवाच सोडतात. कवडसा तोच आहे.