कामगारांच्या रविवारचे शिल्पकार

नारायण मेघाजी लोखंडे यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. १८४८ साली जन्मलेल्या लोखंडे यांनी मुंबईच्या मांडवी भागातील गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम करताना कामगारांचे हाल जवळून पाहिले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांच्या या कार्यकर्त्याने १८८० मध्ये ‘दीनबंधू’ पत्राची धुरा स्वीकारली.

१८८१ चा कारखाना कायदा मुख्यतः बालकामगारांपुरताच होता. प्रौढ कामगार मालकाच्या मर्जीवरच होते. १८८४ साली सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन लोखंडे यांनी फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर वेतन आणि जखमी कामगारास भरपाई या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. सहा वर्षांच्या लढ्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुटीची तरतूद झाली.

प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करीत असतानाच ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी मागितलेल्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली, तर वेळेवर वेतनाचा कायदा १९३६ साली झाला. नोकरदारांचे आजचे अनेक हक्क त्या निवेदनाचे ऋणी आहेत.