एलियनचं डोकं एवढं मोठं का असतं? उत्तर कापडाच्या दुकानातून पळालेल्या पोराकडे आहे

कुणालाही एलियनचं चित्र काढायला सांगा. मोठं डोकं, मोठाले डोळे आणि काडीसारखे हातपाय. 'कोई मिल गया'मधला जादू आठवा, तोही साधारण याच घराण्यातला.

आता एलियन तर कुणीच बघितलेला नाही. मग सगळ्यांच्या डोक्यात हेच चित्र आलं कुठून?

हे चित्र लोकांच्या मनात पक्कं बसवण्यात एका माणसाचा मोठा वाटा आहे. त्याच्या डोक्यात परग्रहावरचा प्राणी नव्हताच. लाखो वर्षांनी माणूस कसा दिसेल, याचं उत्तर तो शोधत होता. त्याचं नाव हर्बर्ट जॉर्ज वेल्स, म्हणजेच एच. जी. वेल्स.

बाप क्रिकेटर, पण घरात पैसा नाही

21 सप्टेंबर 1866 ला इंग्लंडमधल्या ब्रॉम्ली गावात वेल्स यांचा जन्म झाला. घरचे त्याला बर्टी म्हणायचे. वडील जोसेफ यांचं चिनी मातीची भांडी आणि क्रिकेटचं सामान विकणारं छोटं दुकान होतं. पण त्यांची खरी ओळख मैदानावरची. 1862 मध्ये केंटकडून खेळताना त्यांनी ससेक्सच्या चार बॅट्समनना सलग चार बॉलवर आउट केलं होतं. फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये असं पहिल्यांदाच घडलं होतं.

दुकान मात्र कधी चाललंच नाही. 1877 मध्ये जोसेफ यांच्या मांडीचं हाड मोडलं आणि क्रिकेटमधून येणारे चार पैसेही बंद झाले.

त्याआधी 1874 मध्ये बर्टीचाही पाय मोडला होता. अंथरुणावर पडल्या पडल्या करायचं काय, म्हणून त्याने पुस्तकं वाचायला घेतली आणि तो नाद आयुष्यभर सुटला नाही.

तळघरातलं बालपण

पुढे आई सारा अपपार्क नावाच्या एका मोठ्या वाड्यात हाउसकीपर म्हणून कामाला लागली. या वाड्यात नोकरांना ये-जा करायला जमिनीखालून भुयारं होती. वर मालकांचे दिवाणखाने, खाली राबणारी माणसं. बर्टीने हे सगळं जवळून बघितलं.

मग त्याला कापडाच्या दुकानात उमेदवारीला पाठवलं. दिवसाचे तेरा तेरा तास उभं राहून गिऱ्हाईक करायचं आणि रात्री इतर पोरांसोबत दुकानाच्याच खोलीत झोपायचं. साउथसीच्या दुकानात दोन वर्षं काढल्यावर पोरगं वैतागलं. एका रविवारी ते सुमारे 17 मैल चालत आईकडे गेलं आणि परत त्या दुकानात जाणार नाही म्हणून हटून बसलं.

अखेर 1883 मध्ये त्याची सुटका झाली. एका शाळेत शिकता शिकता शिकवायची नोकरी मिळाली आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या विज्ञान महाविद्यालयात स्कॉलरशिप मिळाली.

डार्विनच्या दोस्ताचा विद्यार्थी

तिथे पहिल्याच वर्षी जीवशास्त्र शिकवायला होते थॉमस हेन्री हक्सले. डार्विन यांचा उत्क्रांतीचा सिद्धांत आला तेव्हा त्यांच्या बाजूने सगळ्यात जोरात भांडलेला हा शास्त्रज्ञ.

हक्सले यांच्या विचारातली एक गोष्ट वेल्स यांच्या मनात कायमची रुतली. उत्क्रांती म्हणजे प्रगती नव्हे. ती काही वर वर जाणारी शिडी नाही. जो परिस्थितीला जुळवून घेतो तो टिकतो, एवढाच तिचा नियम. मग परिस्थिती बदलली तर माणूस आणखी हुशार होण्याऐवजी आळशी, दुबळा किंवा क्रूरही होऊ शकतो.

इतकं सगळं शिकूनही वेल्स शेवटच्या वर्षी भूगर्भशास्त्रात नापास झाले. पदवी मिळाली ती 1890 मध्ये. मधल्या काळात वेल्समधल्या एका शाळेत फुटबॉल खेळताना लाथ बसली आणि किडनीला दुखापत झाली. पुढे फुप्फुसातून रक्त पडायला लागलं. 1893 मध्ये वर्गात उभं राहून शिकवणंच बंद करावं लागलं. घरी बसून करता येईल असं एकच काम उरलं, ते म्हणजे लिहिणं.

दहा लाख वर्षांनंतरचा माणूस

त्याच वर्षी वेल्स यांचा एक गमतीशीर लेख छापून आला. त्यात त्यांनी दहा लाख वर्षांनंतरचा माणूस रंगवला होता. यंत्रं सगळी कामं करणार, त्यामुळे शरीर आक्रसणार आणि डोकं तेवढं वाढत जाणार.

1898 मध्ये 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी आली आणि तोच प्राणी मंगळावरून पृथ्वीवर उतरला. प्रचंड डोकं, मोठे डोळे, हातांच्या जागी सोंडेसारखे अवयव आणि पोट नाहीच. कादंबरीचा निवेदक तर त्या जुन्या लेखाची आठवणही काढतो. थोडक्यात, मंगळावरून आलेला तो शत्रू म्हणजे उत्क्रांतीत पुढे गेलेला माणूसच.

यात आणखी एक टोमणा होता. इंग्रजांच्या वसाहतीने टास्मानिया बेटावरच्या मूळ रहिवाशांचं काय केलं, हे वेल्स यांनी कादंबरीच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं. आपल्यापेक्षा ताकदवान कुणी येऊन आपल्याशीच तसं वागलं तर, हा प्रश्न त्यांनी साम्राज्य ऐन भरात असताना इंग्रज वाचकाला विचारला.

त्याआधी 1895 मध्ये 'द टाइम मशीन' आली होती. त्यात नायक इसवी सन 802701 मध्ये पोचतो. तिथे माणसाच्या दोन जाती झालेल्या असतात. वर राहणारे नाजूक, ऐतखाऊ एलोई आणि जमिनीखाली यंत्रं चालवणारे मॉर्लॉक. हे मॉर्लॉक एलोईंनाच खातात. मालक आणि कामगार यांच्यातली दरी लाखो वर्षं वाढत गेली तर काय होईल, त्याचं हे उत्तर होतं. अपपार्कची भुयारं आणि कापडाचं दुकान बघितलेल्या पोराला ते सुचणं साहजिक होतं.

पडद्यावर काय झालं?

1902 मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस यांनी चंद्रावरच्या सफरीचा प्रसिद्ध सिनेमा काढला. त्यामागे ज्यूल व्हर्न यांच्यासोबत वेल्स यांच्या चंद्रावरच्या कादंबरीचाही हात होता.

1936 मध्ये वेल्स यांनी स्वतः पटकथा लिहिलेला 'थिंग्ज टू कम' आला. त्यात 1940 च्या ख्रिसमसला शहरावर बॉम्ब पडतात. प्रत्यक्षातही 1940 मध्येच लंडनवर बॉम्ब पडायला लागले. सिनेमाच्या शेवटी 2036 साली एक तरुण जोडपं प्रचंड तोफेतून चंद्राच्या दिशेने निघतं. आता माणसाने पृथ्वीबाहेर पडायचं की इथेच संपायचं, हा त्यातला सवाल. आजच्या अंतराळपटांतही हाच सवाल पुन्हा पुन्हा येतो.

पुढे आर्थर सी. क्लार्क यांनी हा सिनेमा दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिक यांना दाखवला. कुब्रिक यांना तो आवडला नाही. पण 1968 मध्ये या दोघांनी केलेल्या '2001: अ स्पेस ओडिसी'चा विषय तोच होता. हाड हातात घेतलेल्या वानरापासून ते अंतराळात नवा जन्म घेणाऱ्या माणसापर्यंतचा प्रवास.

सिनेमाने वेल्स यांच्या गोष्टी घेतल्या, पण त्यातली टोचणी बऱ्याचदा काढून टाकली. 1960 च्या 'द टाइम मशीन' सिनेमात माणसाच्या दोन जाती होतात त्या युद्धामुळे. मालक आणि कामगार हा मुद्दाच गायब.

ज्याने इशारा दिला, तोही चुकला

इथे वेल्स यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. उत्क्रांती आपोआप भलं करत नाही, मग माणसानेच तिला वळण लावावं, या विचाराकडे ते झुकले. 1901 च्या 'अँटिसिपेशन्स' या पुस्तकात त्यांनी कार्यक्षम नसलेल्या लोकांनी आणि काळ्या-सावळ्या वंशांनी नव्या जगातून नाहीसं व्हावं, असं लिहिलं. टास्मानियावरून इंग्रजांना आरसा दाखवला त्याला तीनच वर्षं झाली होती.

पण ते तिथेच थांबले नाहीत. 1905 च्या पुस्तकात त्यांनी वंशभेदावर टीका केली. 1940 मध्ये, जर्मनीत वंशशुद्धीच्या नावाखाली काय चाललंय हे जगाला दिसत असताना, प्रत्येक माणसाच्या हक्कांची सनद हवी म्हणून ते लिहीत होते. 1948 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला, त्याच्या आधीच्या चर्चेत वेल्स यांचं नाव येतं ते यामुळे.

तो जाहीरनामा बघायला मात्र ते नव्हते. 'अणुबॉम्ब' हा शब्द त्यांनी 1914 च्या कादंबरीत वापरला होता. 1945 मध्ये तो खरोखर हिरोशिमावर पडला. त्याच वर्षी आलेल्या शेवटच्या पुस्तकात त्यांनी माणूस ही जात आता संपत आली आहे, असं लिहिलं. 13 ऑगस्ट 1946 ला लंडनमधल्या घरी त्यांचं निधन झालं.

त्यामुळे पुढच्या वेळी पडद्यावर मोठ्या डोक्याचा एलियन दिसला, तर तो कुठल्या ग्रहावरून आला हे नंतर बघा. आधी तो आपलाच खापरपणतू वाटतोय का, ते बघा.