विश्वेश्वरय्यांची सुरुवात आपल्या पांझरेकाठी

दरवर्षी १५ सप्टेंबरला अभियंता दिन साजरा होतो. म्हैसुरी फेट्यातल्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घातला जातो, कृष्णराजसागर धरणाचा उल्लेख होतो आणि मंडळी आपापल्या कामाला लागतात. या मोठ्या माणसाच्या नोकरीची पहिली वर्षे आपल्या खानदेशात गेली, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून स्मरणिकेसाठी हा विषय घेतला.

विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी गावचे. वडील लहानपणीच गेले. बेंगळुरूला शिकवण्या करून त्यांनी १८८१ साली बी.ए. केले. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. आज त्याच कॉलेजला आपण सीओईपी म्हणतो. १८८३ च्या परीक्षेत ते पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले. आधी नाशिक, मग धुळे. तेव्हा जळगाव आणि धुळे हे वेगळे जिल्हे नव्हते. सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा होता आणि त्याचा कारभार धुळ्याहून चाले. पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी झाली ती १९०६ मध्ये.

साक्री तालुक्यातले दातर्ती आपल्यातल्या काहींचे आजोळ असेल. तिथे पाटाचे पाणी एका नाल्यापलीकडे न्यायचे होते. त्यासाठी नाल्याच्या तळाखालून नळ टाकून सायफन बांधायचा, हे काम या पोरसवदा इंजिनिअरकडे आले. पाणी एका बाजूने नळात उतरते आणि पलीकडचे तोंड थोडे खाली असल्यामुळे आपल्याच दाबाने वर चढून पुढच्या पाटाला लागते. कागदावर सोपे वाटते, पण पावसाळा लागला होता. पूर आला की खणलेले सगळे वाळूने भरून जाई. पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे, असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. उत्तरात नाराजी आली. नोकरी नवी, घरची परिस्थिती बेताची. त्यांनी वाद घातला नाही. पुराच्या दोन लोंढ्यांमधल्या उघडिपीत माणसे लावून सायफन पुरा केला.

त्याच पांझरेवर आपली फड पद्धत आहे. नदीवर ओळीने बंधारे, बंधाऱ्यावरून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात एका हंगामात एकच पीक. कोणी आपल्या शेताला स्वतः पाणी लावायचे नाही. पाटकरी क्रमाने सगळ्यांना देतो आणि जागल्या राखण करतो. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजणारे फडच कमी करायचे, म्हणजे झळ सर्वांना सारखी बसते. हे सगळे गावानेच ठरवायचे आणि पाळायचे.

पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यासाठी ब्लॉक पद्धत सुचवली. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या गावांनी हवे तेवढे पाणी उसाला घ्यावे आणि शेपटाकडची गावे कोरडी राहावीत, अशी तिथली स्थिती होती. त्यांनी जमिनीचे गट पाडून पिकांची फेरपालट आणि पाण्याची पाळी बांधून दिली. शेतकरी आधी बिथरले. हळूहळू पद्धत रुळली. आपल्या फडांशी तिचे साम्य पाहिले की खानदेशी माणूस म्हणून मला बरे वाटते.

त्यांची बाकीची कामेही पाण्याचीच. सिंधमध्ये सक्कर गावाला गढूळ नदीचे पाणी प्यावे लागे. तिथे त्यांनी नदीच्या पात्रात विहीर घेऊन वाळूतून गाळलेले पाणी गावाला दिले. पुण्याजवळ खडकवासल्याला, पाणी ठरावीक पातळीला पोचले की आपोआप उघडणारे दरवाजे बसवले आणि मूळ धरणाची भिंत न वाढवता साठा वाढवला. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले. त्यानंतर त्यांच्याच योजनेतून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव झाले. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले, १९१२ ते १९१८ दिवाण होते. १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले. शंभरी गाठून एप्रिल १९६२ मध्ये ते गेले.

आता हे सगळे सांगण्यामागचे माझे कारण. आपण दहावी-बारावी झालो तेव्हा सिव्हिल म्हणजे उन्हातान्हातली साइट, मुलींचे काम नव्हे, असे घरोघरी मानत. मी कॉम्प्युटरला गेले, त्यात रमले, तक्रार काहीच नाही. पण आता आपली मुले त्याच वळणावर उभी आहेत आणि यादीत सगळ्यांच्या वर पुन्हा माझीच शाखा आहे. इकडे यावल-रावेरच्या केळी पट्ट्यात बोअर दरवर्षी खोल जात आहेत आणि पांझरेचे फड कमी होत चालले आहेत. हे दुरुस्त करायला कोणीतरी शिकलेले लागणार.

त्यासाठी वाटा पुष्कळ आहेत. सिव्हिल करून जलसंपदा किंवा पर्यावरण विषयात एम.टेक. करता येते. एमपीएससीतून जलसंपदा विभागात जाता येते. नाशिकला मेरी, नागपूरला नीरी आणि खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. ठिबक सिंचन तर आपल्या जळगावातच मोठे झाले. सांडपाणी शुद्धीकरण, भूजल पुनर्भरण, पुराचा अंदाज, उपग्रहाच्या नकाशांवरून पाणलोटाचा अभ्यास, या सगळ्यात आता प्रोग्रामिंगही लागते. त्यामुळे ज्याला कॉम्प्युटरचीच ओढ आहे, त्यालाही इथे जागा आहे.

शाळेतल्या सर आणि बाईंना एक विनंती. यंदाची सहल पांझरेच्या एखाद्या चालू बंधाऱ्यावर न्यावी. मुलांनी पाटकऱ्याला प्रश्न विचारावेत, पाटाच्या कडेने चालून पाणी शेवटच्या शेतापर्यंत कसे पोचते ते पाहावे. बसच्या भाड्यात आमची बॅच आनंदाने वाटा उचलेल.