कोल्हापूरच्या मिस्त्रीचा कॅमेरा

एखादे यंत्र बंद पडले आणि त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले, की ते भंगारात काढायचे, हा रूढ व्यवहार. काही माणसांना तो मानवत नाही. ती यंत्र उघडतात, समजून घेतात आणि पुन्हा बनवू पाहतात. मीही त्याच जमातीतला. पिंपरीच्या संत तुकाराम नगरात, कारखान्यांच्या सावलीत राहून मी स्पेक्ट्रम नावाच्या जुन्या घरगुती संगणकाची प्रतिकृती तयार करीत आलो आहे. हा संगणक १९८२ साली इंग्लंडमध्ये निघाला. त्याचा प्राण असलेली खास चिप पुढे बनेनाशी झाली. तेव्हा हौशी मंडळींनी बाजारात मिळणाऱ्या साध्या लॉजिक चिपांची जुळणी करून तिचे काम साधले. जुन्या मेमरीला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागत. तिच्या जागी केवळ पाच व्होल्टवर चालणारी मेमरी बसवता येते. कॅसेटऐवजी कार्ड जोडता येते.

परंतु सुधारणेलाही पथ्य असते. मूळ यंत्रात पडद्यावर चित्र रेखाटले जात असताना ही चिप प्रोसेसरला क्षणभर थांबवीत असे. काही खेळ हा थांबा हिशेबात धरूनच लिहिलेले आहेत. तो दोष समजून काढून टाकला, तर यंत्र वेगवान होते आणि खेळातले चित्र बिघडते. काय सुधारायचे आणि काय जसेच्या तसे ठेवायचे, हे यंत्राच्या पोटात शिरल्यावाचून कळत नाही.

हे काम करताना मला वारंवार आठवतात ते बाबूराव पेंटर. महाराष्ट्र त्यांना चित्रपट दिग्दर्शक आणि चित्रकार म्हणून ओळखतो. माझ्या लेखी मात्र ते आधी मिस्त्री आहेत आणि मग बाकी सारे.

मिस्त्री हे त्यांचे आडनावच होते. बाबूराव कृष्णराव मिस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे. वडिलांच्या हातात लोहारकाम, सुतारकाम आणि चित्रकला एकत्र नांदत होती. बाबूराव कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. चुलतभाऊ आनंदराव आणि ते मिळून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. संगीत रंगभूमीचा तो भराचा काळ होता. या दोघा भावांच्या पडद्यांना अशी मागणी आली, की मिस्त्री मागे पडले आणि पेंटर हेच आडनाव होऊन बसले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या भावांना सिनेमाचे वेड लागले. फाळक्यांनी आदल्या वर्षी इंग्लंडला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला होता. त्यासाठी स्वतःची विमा पॉलिसी गहाण टाकली होती. पडदे रंगवून पोट भरणाऱ्या दोघा कोल्हापूरकरांना तो मार्ग मोकळा नव्हता. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर पैदा केला, त्यावर खेळ लावले आणि त्याच यंत्राचा अभ्यास आरंभला.

प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही सख्खी भावंडे. दोहोंतही फिल्म क्षणभर स्थिर राहते, मग झटक्यासरशी चार भोकांइतकी पुढे सरकते आणि ती सरकत असताना शटर आड येते. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा घडे, तेही हाताने दांडा फिरवून. फरक इतकाच, की प्रोजेक्टर डळमळला तर तेवढ्यापुरते पडद्यावरचे चित्र हलते; कॅमेरा डळमळला तर ती चूक फिल्मवर कायमची कोरली जाते. शिवाय भिंगाखेरीज कोठूनही प्रकाशाचा किरण आत शिरता कामा नये. हे सारे धातूत आणि लाकडात उतरवायचे होते, आणि विचारायला कोणी नव्हते.

काम अर्ध्यावर असताना १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांचा भाऊ गेला आणि जोडीचा कारागीरही गेला. तिथेच हे वेड संपले असते, तर कोणी नावे ठेवली नसती. पण त्यांनी विष्णुपंत दामले या शिष्याला हाताशी धरले आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालता केला. तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

याच कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. कीचकवधाचे दृश्य इतके खरे उतरले, की सेन्सॉरला ते झेपले नाही. स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करणे ही त्या दिवसांत धाडसाची गोष्ट होती. तीही या चित्रपटाने केली.

मला अधिक मोलाचे वाटते ते पुढचे. ज्याची हयात पडदे रंगवण्यात गेली, त्यानेच चित्रपटातून रंगवलेले सपाट पडदे हद्दपार केले आणि खोली असलेली नेपथ्ये उभारली. प्रत्येक दृश्य आणि वेशभूषा ते आधी कागदावर काढीत. ‘सिंहगड’ (१९२३) साठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये तर पुराणे आणि इतिहास बाजूला ठेवून कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला. यंत्र हाती आले म्हणून हा माणूस थांबला नाही. पुढच्या प्रत्येक कामातही काय ठेवायचे आणि काय बदलायचे, हा शोध चालूच राहिला.

मात्र ज्या कारखान्यात माणसे घडतात, तेथून ती कधी ना कधी बाहेर पडतातच. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे चौघे कंपनी सोडून गेले आणि त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली. बाबूरावांच्या कंपनीला हा घाव सोसला नाही; ती लवकरच मिटली. त्यांनी बोलपट केले, ‘सावकारी पाश’ पुन्हा नव्याने बोलता केला, चित्रे आणि शिल्पे केली. पण आधीचा जोम परतला नाही. १९४७ चा ‘लोकशाहीर राम जोशी’ त्यांनी केला तो एके काळच्या शिष्याच्या, शांतारामबापूंच्या ‘राजकमल’साठी. दिग्दर्शक म्हणून गुरुशिष्यांची दोन्ही नावे त्या चित्रपटावर आहेत. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव गेले.

त्यांच्या आयुष्याला अपयशी म्हणावे काय? कंपनीच्या जमाखर्चापुरते बघितले, तर कदाचित म्हणता येईल. पण प्रभात १९३३ साली पुण्यात आली आणि १९३६ साली तिने ‘संत तुकाराम’ काढला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. त्याचे दिग्दर्शक होते दामले आणि फत्तेलाल. ज्या दामल्यांनी बाबूरावांच्या शेजारी बसून कॅमेऱ्याचे दाते जुळवले, त्यांनीच ज्या तुकोबांचे नाव आमच्या वसाहतीने घेतले आहे, त्यांना पडद्यावर आणले. विकत आणलेला कॅमेरा त्या दोघांना चित्रे काढून देता, एवढेच. स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने आधी कारागीर घडवले, आणि कॅमेऱ्याचे काम संपल्यावरही ते कारागीर चित्रपट काढीत राहिले.