नेली झाक्स : सुटकेनंतरचे भय

१६ मे १९४० रोजी बर्लिनहून स्टॉकहोमला आलेल्या विमानात अठ्ठेचाळीस वर्षांच्या नेली झाक्स आणि त्यांच्या वृद्ध मातोश्री होत्या. श्रमछावणीत हजर होण्याचा हुकूम आणि स्वीडनचा प्रवेशपरवाना, दोन्ही एकाच सुमारास हाती पडले होते. या सुटकेचे मूळ एका वाचकपत्रात होते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये. पंधराव्या वर्षी सेल्मा लागरलोफ यांची कादंबरी वाचून नेलींनी त्यांना पत्र लिहिले, आणि त्यातून दीर्घ पत्रमैत्री जुळली. १९३९ मध्ये गुडरून हार्लान ही मैत्रीण स्वतः स्वीडनला गेली आणि लागरलोफ यांच्याकडे तिने मदतीची याचना केली. मार्च १९४० मध्ये लागरलोफ निवर्तल्या. पत्रमैत्रिणींची भेट झालीच नाही.

१८९१ मध्ये एका सधन ज्यू कारखानदाराच्या घरी जन्मलेल्या या एकुलत्या एक कन्येचे प्रारंभीचे लेखन सौम्य, नव-रोमँटिक वळणाचे होते. पुढे त्याचे पुनर्मुद्रण त्यांना नकोसे वाटे. नाझी राजवटीत गेस्टापोच्या एका चौकशीनंतर काही दिवस त्यांची वाचाच गेली. त्यांच्या कवितेतील मौनाचा उगम केवळ हसिदी गूढवादात शोधणाऱ्या अभ्यासकांनी हा शारीर अनुभव नजरेआड करू नये.

स्टॉकहोममध्ये त्या मायलेकी एका लहानशा खोलीत राहिल्या. नेलींनी कपडे धुण्याची कामे केली, आजारी आईची शुश्रूषा केली, आणि स्वीडिश कवितेचे जर्मन अनुवाद करता करता आधुनिक काव्यभाषा आत्मसात केली. स्वतःच्या कविता त्या रात्री, आईची झोप मोडू नये म्हणून, अंधारात रचीत. मृत्यूची निवासस्थाने शीर्षकातच मिरविणारा त्यांचा संग्रह १९४७ मध्ये बर्लिनच्या सोव्हिएत विभागात प्रसिद्ध झाला. 'एली' हे नाटक १९५१ मध्ये अवघ्या दोनशे प्रतींत निघाले. स्वीडिश अवगत असूनही त्यांनी लिहिले ते जर्मनमध्येच. ज्या भाषेत संहाराचे हुकूम निघाले, तीच त्यांची मातृभाषा होती. मृतांसाठी विलाप करायला त्यांच्यापाशी दुसरी भाषा नव्हती.

१९५० मध्ये आई गेली आणि भय उघडे पडले. १९६० मध्ये जर्मनीतील मेअर्सबुर्ग येथे ड्रोस्टे पुरस्कार स्वीकारायचा होता. परंतु त्या देशात रात्र काढण्याचा धीर न झाल्याने त्या झ्यूरिखला उतरल्या, आणि केवळ समारंभापुरत्या सीमेपलीकडे गेल्या. झ्यूरिखमध्येच पाउल त्सेलान यांची पहिली भेट झाली. दोघांत काही वर्षांपासून पत्रव्यवहार होता. स्टॉकहोमला परतल्यावर, आपला पाठलाग करणारे येथवर येऊन पोहोचले आहेत, या भ्रमाने त्यांना ग्रासले. पुढील सुमारे तीन वर्षांतील बराच काळ मनोरुग्णालयात गेला. तेथेही लेखन थांबले नाही.

याच काळात पश्चिम जर्मनीत त्यांचा गौरव वाढत होता. १९६५ मध्ये जर्मन ग्रंथव्यवसायाचे शांतता पारितोषिक त्यांना लाभले. समेटाची कवयित्री ही त्यांची तेथील प्रतिमा निराधार नव्हे, पण ती गौरव करणाऱ्यांच्या सोयीचीही होती. क्षमेचा उच्चार ऐकू येताच रुग्णालयातील वर्षांकडे पाहण्याची गरज उरत नाही.

१० डिसेंबर १९६६ रोजी, पंचाहत्तराव्या वाढदिवशी, त्यांनी नोबेल पारितोषिक स्वीकारले. सहमानकरी आग्नोन हिब्रूत लिहिणारे, इस्राएलचे; नेली स्वीडनच्या नागरिक, जर्मन कवयित्री. राष्ट्रागणिक वाङ्मयेतिहास लिहिणाऱ्यांना त्यांचे स्थान ठरविणे आजही अवघड जाते. १२ मे १९७० रोजी स्टॉकहोममध्ये त्यांचे निधन झाले. त्याच दिवशी, सेन नदीत जीव दिलेल्या त्सेलान यांचे पॅरिसजवळ दफन होत होते.