देश नसलेल्या माणसाचे पारपत्र

युरोपला जाऊ इच्छिणाऱ्या मराठी मध्यमवर्गीय कुटुंबाला शेंगेन हा शब्द आता नवा राहिलेला नाही. मुलगा किंवा मुलगी जर्मनीत शिकत असते, निवृत्त आईवडील उन्हाळ्यात तिकडे जाण्याचा बेत करतात आणि मग बँकेच्या खात्याचे उतारे, निवृत्तिवेतनाचे दाखले, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, ९० युरोंचे शुल्क, बोटांचे ठसे असे एकेक सोपस्कार सुरू होतात. व्हिसा हाती पडला की मात्र त्याच्या मुदतीत, १८० दिवसांपैकी फार तर ९० दिवस, २९ देशांत हिंडता येते. या साऱ्या यातायातीत एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते. आपल्या हाती भारताचे पारपत्र आहे, म्हणजेच हा माणूस आमचा आहे आणि परत आल्यास त्याला आम्ही घरात घेऊ, अशी हमी एका सरकारने दिलेली आहे. ज्याच्यामागे असे कोणतेच सरकार उभे नाही, त्याने काय करावे? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी युरोपातच लाखो माणसांपुढे उभा राहिला होता. त्याला कामचलाऊ का होईना, पण उत्तर शोधले ते नॉर्वेच्या फ्रित्योफ नान्सेन यांनी.

नान्सेन हे काही कायदेपंडित नव्हते, मुत्सद्देगिरी हाही त्यांचा मूळचा पेशा नव्हता. १० ऑक्टोबर १८६१ रोजी आजच्या ऑस्लो शहरालगत जन्मलेला हा मुलगा बर्फावरून घसरत जाण्यात तरबेज झाला आणि प्राणिशास्त्र शिकून वयाच्या एकविसाव्या वर्षी बेर्गेनच्या संग्रहालयात नोकरीस लागला. मज्जासंस्थेच्या सूक्ष्म रचनेवरील प्रबंधाला त्यांना १८८८ मध्ये डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी पाच साथीदारांसह त्यांनी ग्रीनलंडचा बर्फाळ अंतर्भाग पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडला. वस्ती पश्चिम किनाऱ्यावर होती, पूर्व किनारा निर्जन होता. साहजिकच तिकडून निघाल्यावर मागे फिरण्यात अर्थच उरत नव्हता, आणि हेच त्यांच्या योजनेचे मर्म होते.

पुढची मोहीम याहून धाडसी होती. उत्तर ध्रुवाच्या समुद्रातले बर्फ संथपणे वाहत असते, तेव्हा जहाज मुद्दाम त्या बर्फात अडकवून घ्यावे आणि प्रवाहाबरोबर ध्रुवाकडे सरकावे, असे त्यांचे अनुमान होते. त्यासाठी बर्फाच्या दाबाने चिरडले न जाता वर उचलले जाईल अशा गोलसर तळाचे ‘फ्राम’ हे जहाज बांधले गेले. १८९३ मध्ये ते निघाले. प्रवाह ध्रुवावरून नेमका जात नाही असे दिसताच मार्च १८९५ मध्ये नान्सेन आणि यालमार योहानसेन जहाज सोडून कुत्र्यांच्या घसरगाड्यांसह पायी निघाले आणि ८६ अंश १४ मिनिटे अक्षांशापर्यंत पोहोचले. तोवर इतक्या उत्तरेला कोणीही गेलेले नव्हते. परतताना फ्रान्झ योझेफ द्वीपसमूहावर दगडांच्या झोपडीत, अस्वलांच्या व वॉलरसच्या मांसावर त्यांनी तो हिवाळा काढला. १८९६ मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले होते.

हे नाव पुढे राष्ट्राच्या कामी आले. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, त्या वेळी नान्सेन यांनी लेखणी व वजन दोन्ही पणाला लावले. १९०६ ते १९०८ या काळात ते लंडनमध्ये नॉर्वेचे प्रतिनिधी होते. पहिल्या महायुद्धात नॉर्वेला धान्याची टंचाई भासू लागली तेव्हा अमेरिकेत जाऊन धान्याचा करार घडवून आणण्याचे काम त्यांच्याकडेच आले. युद्ध संपले त्या वेळी ते सत्तावन्न वर्षांचे होते. समुद्रविज्ञानाच्या अभ्यासात उरलेले आयुष्य घालवण्याची त्यांची इच्छा होती. ती पुरी व्हायची नव्हती.

१९१४ पूर्वीचा युरोप आणि त्यानंतरचा युरोप यांत प्रवासाच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे. रशिया व तुर्कस्तान सोडले तर युद्धापूर्वी पश्चिम व मध्य युरोपात सामान्य प्रवाशाला पारपत्राची गरज क्वचितच पडे. युद्ध सुरू होताच हेरांच्या भीतीने प्रत्येक देशाने सीमेवर कागद मागायला सुरुवात केली. तात्पुरती म्हणून आलेली ही व्यवस्था युद्धानंतर कायम झाली. १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या विद्यमाने पॅरिसला भरलेल्या परिषदेने पारपत्रे रद्द करण्याऐवजी त्यांचा एकसारखा नमुना ठरवून दिला. हिंदुस्थानातही त्याच वर्षी प्रवेशासाठी पारपत्राचा कायदा झाला आणि तो २०२५ मध्ये नवा कायदा येईपर्यंत शंभरांहून अधिक वर्षे टिकला. सरकारांना निर्बंध लावणे सोपे असते, उठवणे अवघड, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला जकातीच्या इतिहासातून परिचित असलेला नियम येथेही खरा ठरला.

या नव्या भिंती उभ्या राहत असतानाच राज्ये कोसळत होती. राष्ट्रसंघाने १९२० मध्ये नान्सेन यांच्याकडे युद्धकैद्यांना मायदेशी पोहोचवण्याचे काम सोपवले. सैबेरियापासून जर्मनीपर्यंत अडकून पडलेले सुमारे ४ लाख २७ हजार कैदी १९२२ पर्यंत अतिशय कमी खर्चात घरी पोहोचले. पण या कैद्यांना निदान घर होते. रशियातील यादवी युद्धात हरलेल्यांना तेही नव्हते. नोव्हेंबर १९२० मध्ये सेनापती व्रांगेल यांच्या सैन्याबरोबर क्रिमियातून जवळजवळ दीड लाख माणसे जहाजांतून कॉन्स्टॅन्टिनोपलला आली. एकंदर रशियन निर्वासितांची संख्या दहा ते वीस लाखांच्या दरम्यान धरली जाते. ऑगस्ट १९२१ मध्ये राष्ट्रसंघाने त्यांच्यासाठी उच्चायुक्त म्हणून नान्सेन यांची नेमणूक केली. डिसेंबर १९२१ मध्ये सोव्हिएत सरकारने हुकूम काढून परदेशी गेलेल्या यांतील बहुतेकांचे नागरिकत्व काढून घेतले. त्यांच्याजवळची झारशाहीची पारपत्रे आता केवळ रद्दी झाली.

येथे प्रश्नाचे आर्थिक अंग ध्यानात घेणे आवश्यक आहे. कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये वैद्य, अभियंते, शिक्षक, शेतकरी मदतीच्या शिध्यावर दिवस काढत होते. त्याच वेळी युद्धात लाखो तरुण गमावलेल्या फ्रान्सला कारखान्यांत व खाणींत माणसे हवी होती. श्रमाचा पुरवठा एकीकडे, मागणी दुसरीकडे, आणि मध्ये अडसर केवळ एका कागदाचा. मनुष्य कोण आहे हे सांगणारा कागद नसल्यामुळे त्याला व्हिसा मिळेना, व्हिसा नाही म्हणून सीमा ओलांडता येईना, आणि ती चोरून ओलांडल्यास तुरुंग किंवा हकालपट्टी. हकालपट्टी करायची तरी कोठे, हेही कोणाला ठाऊक नव्हते.

नान्सेन यांनी जुलै १९२२ मध्ये जिनीव्हाला सरकारांच्या प्रतिनिधींची परिषद बोलावली. नागरिकत्व देण्याचा अधिकार आपल्याला नाही आणि सरकारे तो सहजासहजी वापरणार नाहीत, हे ते ओळखून होते. म्हणून त्यांनी थोडेच मागितले. निर्वासित ज्या देशात असेल त्या देशाच्या सरकारने त्याला ओळख पटवणारे प्रमाणपत्र द्यावे आणि इतर सरकारांनी त्यावर व्हिसा देण्यास हरकत घेऊ नये, एवढीच ती मागणी होती. ती मान्य झाली. ‘नान्सेन पारपत्र’ या नावाने ओळखला जाणारा हा कागद पुढे पन्नासांहून अधिक देशांनी मान्य केला. १९२४ मध्ये आर्मेनियनांना आणि १९२८ मध्ये असीरियन व इतर काही समूहांना त्याचा लाभ मिळू लागला. सुमारे साडेचार लाख प्रमाणपत्रे दिली गेली असावीत असा अंदाज आहे. संगीतकार स्ट्राव्हिन्स्की, चित्रकार शगाल, लेखक नाबोकोव्ह हे त्यांच्या धारकांपैकीच होत. परंतु कारखान्यात कामाला लागलेल्या हजारो अनाम माणसांना त्याचे मोल अधिक होते. १९२५ पासून काही वर्षे या कामाची व्यावहारिक बाजू आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे होती हेही अर्थपूर्ण आहे.

खर्चाची व्यवस्थाही नान्सेन यांच्या स्वभावाला साजेशी होती. राष्ट्रसंघ प्रशासनापुरतेच पैसे देई. म्हणून १९२६ पासून प्रमाणपत्रावर दर वर्षी ५ सुवर्ण फ्रँकांचे तिकीट लावण्याची पद्धत सुरू झाली. त्यावर नान्सेन यांचेच चित्र होते. गरिबांना ते शुल्क माफ असे. ज्यांना परवडे त्यांच्या पैशातून इतर निर्वासितांना मदत होई.

तथापि या कागदाच्या मर्यादा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. प्रारंभी तो देणाऱ्या देशावर धारकाला परत घेण्याचे बंधन नव्हते. साहजिकच व्हिसा देणारा अधिकारी विचार करी, की हा माणूस एकदा आत आला तर बाहेर कसा जाणार? १९२६ च्या करारात परतीच्या व्हिसाची शिफारस झाली, पण ती शिफारसच होती. नाबोकोव्ह यांच्यासारख्यांना तर तो कागद मानहानीचा वाटे. शिवाय तो व्यक्तीला मिळे ते ती ठराविक समूहातली असल्यामुळे. हिटलरच्या जर्मनीतून निसटू पाहणाऱ्या ज्यूंना या व्यवस्थेचा लाभ आपोआप मिळाला नाही. १९३८ मध्ये एव्हियां येथे ३२ देशांचे प्रतिनिधी जमले आणि सहानुभूती व्यक्त करून बहुतेक जण रिकाम्या हातांनीच परतले.

नान्सेन यांच्या पदरी अपयशही कमी आले नाही. १९२१ च्या रशियातील दुष्काळात त्यांनी सरकारांकडे कर्ज मागितले, पण बोल्शेव्हिकांना मदत नको म्हणून राष्ट्रसंघाने नकार दिला. मग खासगी देणग्यांवर काम करावे लागले. मदतीचा मोठा भाग अमेरिकेतून आला. बोल्शेव्हिकांशी बोलतात म्हणून काही रशियन निर्वासितही त्यांच्याकडे संशयाने पाहत. ग्रीस व तुर्कस्तान यांच्यातील सक्तीच्या लोकसंख्या-अदलाबदलीला त्यांनी पाठिंबा दिला. या अदलाबदलीत दहा लाखांहून अधिक माणसांची मुळे उपटली गेली आणि तिच्यावरील टीका आजही संपलेली नाही. आर्मेनियनांच्या पुनर्वसनाची त्यांची योजना पैशाअभावी बारगळली. १९२२ चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना मिळाले, तेव्हा त्याची रक्कम त्यांनी मदतकार्यात घातली. १३ मे १९३० रोजी ऑस्लोजवळच्या राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांचा अंत्यविधी झाला तो १७ मे रोजी, म्हणजे नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी.

त्यांच्या कागदाचा वंश मात्र पुढे चालला. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराने निर्वासितांना प्रवासाचे कागद देण्याचे कर्तव्य सह्या करणाऱ्या राष्ट्रांवर घातले आणि तो देणाऱ्या देशाने धारकाला परत घेतले पाहिजे हेही त्यात लिहिले. नान्सेन यांच्या कागदातले भगदाड अशा रीतीने बुजवले गेले. १९५९ मध्ये युरोपीय परिषदेच्या कराराने अशा कागदावर सदस्य देशांत तीन महिन्यांपर्यंत विनाव्हिसा जाण्याची सोय झाली. पुढे १९८५ मध्ये लक्झेंबर्गच्या शेंगेन गावी पाच देशांनी आपापसातील सीमातपासणी उठवण्याचे ठरवले आणि १९९५ मध्ये ते अमलात आले. युरोपीय संघाचा सदस्य नसलेला नॉर्वेही २००१ पासून त्यात आहे. १९१४ पूर्वीचा मोकळेपणा, निदान आतल्या सीमांपुरता, अशा रीतीने परतला. परंतु २०१५ पासून अनेक देशांनी आतल्या सीमांवरही पुन्हा पुन्हा ‘तात्पुरती’ तपासणी सुरू केली आहे, आणि तात्पुरत्या निर्बंधांचा इतिहास आपण वर पाहिलाच.

हा प्रश्न केवळ युरोपचा आहे असे मानण्याचे कारण नाही. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. तरीही गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावच्या वसाहतीत राहणाऱ्या तिबेटी माणसाला परदेशी जायचे असेल तर भारत सरकार त्याला पारपत्राऐवजी ओळखीचे प्रमाणपत्र देते. नान्सेन यांच्या कागदाचे हे आपल्या दाराशी असलेले भावंडच म्हणावे लागेल. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीनुसार कोणत्याही देशाचे नागरिक नसलेली माणसे आज जगात चाळीस लाखांहून अधिक आहेत. प्रत्यक्ष संख्या याहून मोठी असणार, कारण ज्यांच्याजवळ कागद नाही त्यांची मोजदादही धड होत नाही.

भांडवलाला सीमा ओलांडण्यासाठी आज काही क्षण पुरतात. मालासाठी करार आहेत. श्रमासाठी आणि जीव वाचवून पळणाऱ्यासाठी दारे सर्वांत अरुंद आहेत. ती एकदम उघडतील अशी भाबडी आशा नान्सेन यांनी बाळगली नाही. सरकारांना जेवढे मान्य होईल तेवढेच त्यांनी मागितले, ते पदरात पाडून घेतले आणि दर दोन वर्षांनी आणखी थोडे मागितले. पुढच्या खेपेस व्हिसाच्या अर्जाला दाखले जोडताना आपण त्रासून जाऊ, तेव्हा एवढे लक्षात ठेवावे की अर्ज नाकारला गेला तरी आपल्याला परतायला घर असते. ते ज्यांना नाही त्यांच्यासाठी साधा ओळखीचा कागद ही चैन नसून जगण्याची पहिली पायरी आहे, आणि ती बांधून देण्यास सरकारांना फारसा खर्च येत नाही हे १९२२ मध्येच सिद्ध झालेले आहे.